सुटी शाळेला नको, मुलाला द्या

सिंहस्थाच्या अमृतस्नानाच्या तारखा जाहीर झाल्यापासून आमच्या पंचवटीतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद पेटलाय: त्या दिवशी शाळा बंद ठेवायच्या की नाही? २०२७ मध्ये २ ऑगस्टला सोमवार आहे, ३१ ऑगस्टला मंगळवार. रस्तेच बंद असतील तर शाळा उघडून उपयोग नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच ओघात काकांनी लिहिलं, "आपल्या सणाला शाळा बंद म्हणजे बंद, त्यात विचारायचं काय?" हे वाचून मला राहवलं नाही.

मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहते. इथे गणपतीला शाळा सुरूच असते. पण १९९६ च्या शिक्षण कायद्यात एक सोय आहे. पालकांच्या धर्मसंस्थेने केवळ धर्माचरणासाठी राखून ठेवलेल्या दिवशी मूल शाळेत गेलं नाही, तर पालकांना दोष लागत नाही. आधी अर्ज करायचा, मग हजेरीपटात 'आर', म्हणजे धर्माचरणाच्या रजेची खूण, पडतो. बाकी बाबतीत नियम कडक. दहा आठवड्यांत विनापरवाना पाच दिवस बुडाले की प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो. २१ दिवसांत भरला नाही तर १६०.

आता हा कायदा आमच्या घरात कसा चालतो ते सांगते. आमच्याकडे गौरी तीन दिवसांच्या. मी अर्ज केला तर शाळेच्या ऑफिसातून फोन: "तुमची धर्मसंस्था कोणती?" आमचा सण कुठली संस्था ठरवते? मी कालनिर्णयच्या पानाचा फोटो काढून पाठवला, खाली चार ओळींत तिथी समजावून सांगितली. रजा मिळाली ती फक्त पूजनाच्या दिवसाची. पुढे सत्र संपताना शंभर टक्के हजेरीची प्रशस्तिपत्रं वाटली, त्यात लेकीचं नाव नव्हतं. कारण 'आर' ही रजा मंजूर असली तरी टक्केवारीत ती गैरहजेरीच. आठ वर्षांची पोर, तिला ते फार लागलं. मंजूर रजेची अशी शिक्षा कुठल्याच मुलाला होऊ नये.

तरीही या कायद्यातली एक गोष्ट मला नाशिकला हवी आहे. इथे मागणी करायला माझ्यासारख्या परक्या आईलाही एक कागद आहे. नाशिकला माझ्या माहेरच्यांना तो कधी लागलाच नाही, कारण आमचे सण सुट्यांच्या यादीत असतात, नाहीतर जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात. यादीत नसलेल्यांनी काय करायचं?

माझी वहिनी सिन्नरकडे शिकवते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या निघाल्या की तिच्या वर्गातली काही पोरं खांद्यावर पताका घेऊन बापाबरोबर चालायला लागतात. हजेरीपटात काय लिहायचं? 'गैरहजर'. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर कुटुंबंच्या कुटुंबं येतात. दिवाळी उशिरा असली की हा दिवस नेमका सहामाहीच्या सुमारास येतो. रमजानात उर्दू शाळांची वेळ सकाळची होते, पण मराठी शाळेत शिकणाऱ्या रोजेदार मुलाची पी.टी. चुकत नाही. पर्युषणात उपवास करणाऱ्या जैन मुलीचंही तेच.

या सगळ्यांसाठी शाळा बंद ठेवता येणार नाहीत. वर्षाच्या सगळ्या सुट्या मिळून ७६ च्या आत बसवायच्या आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत २०० दिवस, सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवायची. यादी लांबवायची म्हटली तर कुणाचा तरी सण गळणार, आणि तो कुणाचा हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पालकांनी आधी लेखी कळवलं तर वर्षातून मोजके दिवस धर्माचरणाची रजा मिळावी, मग धर्म कोणताही असो. हजेरीपटात तिचा वेगळा रकाना असावा. त्या दिवशी चाचणी असेल तर ती नंतर घ्यावी, आणि हजेरीच्या बक्षिसात ती रजा मोजू नये. काकांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, उद्या जो तो अर्ज घेऊन येईल. येऊ दे की! वहिनीला मात्र पटलंय. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालक-शिक्षक संघाची पहिली सभा होईल, तीत ती हा विषय मांडणार आहे, सहामाहीचं वेळापत्रक ठरायच्या आत.