बाहेरची फौज आली की यादवी मिटते? नाही मिटत

मामांनी काल घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. सूदानसारख्या देशांतली यादवी मिटवायला म्हणे एखाद्या बड्या देशाने फौज उतरवावी, नाहीतर दोन्ही बाजूंना सारखी शस्त्रं द्यावीत, म्हणजे बरोबरी होऊन तडजोड होते. आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना बंद करावी, तिचा उपयोग शून्य. मावशीने तो लगेच पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

आधी शस्त्रांचं, कारण यात माणसं मरतात. बरोबरी झाली की लढाई थांबत नाही. कुणीच हरत नाही म्हणून ती चालूच राहते. अंगोला बघा. १९७५ पासून सत्तेवरच्या एमपीएलए पक्षाच्या पाठीशी सोव्हिएत शस्त्रं आणि क्यूबाचे सैनिक, तर त्याच्याशी लढणाऱ्या युनिटा या बंडखोर संघटनेच्या पाठीशी दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. १९८८ मध्ये एकट्या क्यूबाचे सुमारे ५० हजार सैनिक तिथे होते. यापेक्षा मोठी बरोबरी कुठली हवी? बाहेरच्या फौजा परतल्यावरही युद्ध तेलाच्या आणि हिऱ्यांच्या पैशावर चाललं. थांबलं २००२ मध्ये, युनिटाचा नेता जोनास साविंबी मारला गेल्यावर. पेरलेले भूसुरुंग अजून निघताहेत.

राज्यशास्त्रज्ञ पॅट्रिक रीगन यांनी १९४५ ते १९९९ मधले १५० अंतर्गत संघर्ष तपासले. त्यातल्या १०१ मध्ये बाहेरच्यांनी हात घातला होता. निष्कर्ष असा, की त्यामुळे संघर्ष सहसा लांबतो. मुळात चिवट युद्धांतच बाहेरचे ओढले जातात हा आक्षेप रास्त आहे, पण त्यानेही मेसेजमधलं खरं ठरत नाही.

फौजेसाठी तर लांब जायलाच नको. जुलै १९८७ मध्ये आपली सेना श्रीलंकेत गेली, मार्च १९९० मध्ये परतली. अकराशेहून अधिक जवान मारले गेले. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर परमेश्वरन त्यातलेच. मामा, त्यांच्या परमवीर चक्राची गोष्ट मला तुम्हीच सांगितली होतीत. श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोरांमधलं ते युद्ध संपलं मे २००९ मध्ये.

एक मान्य करतो. सिएरा लिओनमध्ये २००० साली ब्रिटिश सैन्य सरकारच्या बाजूने उतरलं आणि जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. एकाच बाजूला पाठिंबा देणारा हस्तक्षेप तटस्थ हस्तक्षेपापेक्षा लवकर निकाल लावतो, असं रीगनही सांगतात. पण संयुक्त राष्ट्रांचे सुमारे १७ हजार शांतिसैनिकही तिथेच होते, मेसेजने निरुपयोगी ठरवलेले.

सूदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढताहेत. दोघांनाही बाहेरून शस्त्रं पोहोचताहेत आणि एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावं लागलंय. मामा, तो मेसेज ग्रुपवरून काढा.