गेंग-यान नाही हो, कंग्-ये!

सकाळपासून एकच रील तिघांनी पाठवली. ‘गेंग-यान : जगात कुठल्याच भाषेत नसलेला चिनी शब्द. अर्थ, रडणं.’ एका ओळीत तीन चुका आणि खाली बदामांचा पाऊस!

आधी उच्चार. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत. तिच्यात हा शब्द gengye. त्यातला जी म्हणजे आपला ग नव्हे, क. आणि त्यापुढचा ई इथे ‘ए’ होत नाही, ‘अ’च्या जवळ जातो. म्हणून कंग्. चिनीत प्रत्येक अक्षर चारपैकी एका सुरात म्हणतात, सूर बदलला की अर्थ बदलतो. याचा सूर तिसरा, पण पुढे चौथ्या सुराचं अक्षर असल्यामुळे तो शेवटी वर चढत नाही, खर्जातच राहतो. मग ‘ये’ वरून झटक्यात खाली.

दुसरं अक्षर तीन तऱ्हांनी वाचतात. पहिल्या सुरात ‘येन’ म्हणजे घसा, चौथ्या सुरात ‘येन’ म्हणजे गिळणं आणि ‘ये’ म्हणजे आवाज अडकणं. रीलवाल्यांनी बहुतेक गिळणंच उचललं. नवशिक्याची गफलत होते, मान्य. पण मग शिकवायला बसू नये ना!

आणि ‘रडणं’? मोठ्यानं रडण्याला चिनीत ‘खू’ आहे. त्या अक्षरात वर दोन तोंडं, म्हणजे तोंडाच्या चौकोनी खुणा, काढतात. मुक्यानं आसवं गाळण्याला ‘छी’, त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब. कंग्-येच्या दोन्ही अक्षरांना डावीकडे एकेक तोंड आहे, पाण्याचा थेंबही नाही. रडू आलेलं असतं, पण आवाज मोकळा फुटत नाही. कंग्‌मधलं तोंड काढून तिथे मासा बसवा, उच्चार तोच राहतो आणि अर्थ होतो माशाचा काटा. घशात काटा अडकावा तसं, असा चिनी वाक्प्रचारही आहे. मात्र तो बोलल्याशिवाय राहवत नाही अशा गोष्टीसाठी, रडण्यासाठी नव्हे.

‘कुठल्याच भाषेत नाही’ याचा तर संताप येतो. ‘था कंग्-ये च श्वो’ हे रोजच्या वापरातलं वाक्य. मराठीत सरळ लिहा : ती रुद्ध कंठानं म्हणाली. रुद्ध म्हणजे अडलेला, अगदी तेच. बोलीत हवं असेल तर ‘गळा दाटून आला, शब्द फुटेना’. गहिवर नको, तो आनंदानंही येतो आणि त्यात आवाज अडायलाच हवा असं नाही. हुंदका जवळचा, पण तो ऐकू येतो. इथे तर आवाज आतच अडलेला.

रील करणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. शब्द आवडला म्हणूनच केली असेल. मग मथळा तेवढा बदला : कंग्-ये, कंठ दाटणं.