‘बायको कॉलेजात, नवरा कामावर, मुलं फुकट शाळेत’: कॅनडाचा हा निरोप पुढे पाठवू नका

निरोप साधारण असा आहे: ‘कॅनडा सरकारला कुटुंबं हवी आहेत. बायकोला एका वर्षाच्या डिप्लोमाला घाला, नवऱ्याला लगेच ओपन वर्क परमिट. मुलांची शाळा फुकट, दवाखाना फुकट, वर मुलांमागे दरमहा सरकारी पैसे. वयाची अट नाही. दोन वर्षांत पीआर, मग आईवडीलही कायमचे. कॉलेज नको असेल तर थेट एलएमआयए जॉब. सगळं मिळून अठरा लाखांत. जागा थोड्याच.’ खाली एक मोबाइल नंबर. (ओपन वर्क परमिट म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी, पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क; एलएमआयएचं पुढे सांगतो.)

हा निरोप मला सांगलीहून माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला. एजंटाने महिनाअखेरीच्या आत टोकन मागितलं होतं आणि दाजींनी प्लॉटला गिऱ्हाईक बघायला सुरुवातही केली होती. मी कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहतो, इथे येऊन बरीच वर्षं झाली. तिला फोनवर तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तोच निरोप तिच्या भिशीच्या ग्रुपवर आहे, दाजींच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ग्रुपवर आहे, आणि दोन घरांनी टोकन देऊनही टाकलंय. एकेकाला फोन करणं मला शक्य नाही, म्हणून लिहितो.

सगळ्यांत घातक वाक्य पहिलंच आहे, त्यामुळे त्यावरच जास्त बोलतो. बायकोचा डिप्लोमा आणि नवऱ्याचं वर्क परमिट ही वाट बंद झाली आहे. कडक झालेली नाही, थांबलेली नाही, बंद. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा, म्हणजे आयआरसीसीचा, २१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला नियम त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट हवं असेल तर तो विद्यार्थी किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठरावीक व्यावसायिक पदवीला असला पाहिजे. वैद्यक, नर्सिंग, कायदा, इंजिनिअरिंग अशा मोजक्या पदव्या त्या यादीत आहेत. एक वर्षाचा डिप्लोमा नाही. दोन वर्षांचाही नाही. खरं तर कॉलेज-डिप्लोमावाल्यांच्या जोडीदारांना २०२४ मध्येच वगळलं होतं; २०२५ च्या नियमाने उरलेलं दारही अरुंद केलं.

एक मान्य करतो, कारण एजंटाचं सगळं भांडवल त्यावरच आहे. २०२२-२३ पर्यंत हे चालायचं. माझ्या आजूबाजूला ब्रॅम्प्टनमध्ये, मिल्टनमध्ये अशी कुटुंबं आहेत जी याच वाटेने आली आणि आज पीआर घेऊन नीट राहतात. एजंट त्यांचेच फोटो दाखवतो. ती माणसं खोटी नाहीत, फोटोही खोटे नाहीत. पण त्यांचा नियम आज लागू नाही, आणि ते एजंटाला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या बहिणीच्या घराला धरून बघा. ती बी.कॉम., वय छत्तीस. तिला ‘बिझनेस मॅनेजमेंट’चा डिप्लोमा सुचवलाय. दाजींना काम करायची परवानगीच मिळणार नाही. आले तर व्हिजिटर म्हणून येतील आणि घरी बसतील. बहिणीला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. आमच्या ऑन्टारियो प्रांतात तासाचा किमान दर ऑक्टोबर २०२५ पासून १७.६० डॉलर (इथे सगळीकडे डॉलर म्हणजे कॅनेडियन). गुणाकार केला तर आठवड्याला सव्वाचारशे डॉलर, तेही रोज काम मिळालं तर. सध्या विद्यार्थ्यांना कॉफीच्या दुकानातली अर्धवेळ नोकरी मिळवायलाही महिनेमहिने लागतात. चार माणसांना पुरेल अशा बेसमेंटचं भाडं या कमाईतला बहुतेक भाग खाऊन टाकतं, आणि अजून किराणा, बसचा पास, थंडीचे कपडे बाकी आहेत.

डिप्लोमा संपल्यावर काय? पूर्वी शिक्षणानंतरचं वर्क परमिट बहुतेक सगळ्यांना मिळायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांसाठी कॉलेजचा डिप्लोमा ठरलेल्या क्षेत्रांतलाच असावा लागतो: आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामातली कारागिरी, शेती, वाहतूक अशी ती यादी आहे. बिझनेस मॅनेजमेंट त्यात नाही. म्हणजे फी भरून, वर्ष काढून, हातात कागद येईल आणि काम करायची परवानगी संपेल. मग चौघांनी सामान बांधून परत यायचं, आणि तोवर सांगलीतलं सगळं विकून झालेलं असेल. हे सुचवणाऱ्या माणसाला मी सल्लागार म्हणणार नाही.

बहिणीने हे एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, ‘ताई, साहेबांना व्हिजिटर व्हिसावर न्या, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून घेऊ.’ करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, अशी तात्पुरती सवलत खरंच होती. ती २८ ऑगस्ट २०२४ ला बंद केली. हेही आयआरसीसीनेच जाहीर केलंय.

आता अठरा लाख. स्टडी परमिटच्या अर्जात राहण्या-खाण्याचे पैसे दाखवावे लागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ डॉलर, आणि चौघांच्या कुटुंबाला ४२,५४३ डॉलर. यात कॉलेजची फी नाही, विमानाचं भाडं नाही. डॉलर बासष्ट रुपयांचा धरला तरी हे सव्वीस लाखांच्या वर जातं. फी वेगळी, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती पंधरा-वीस हजार डॉलरच्या घरात पडते. मग अठरा लाखांत चौघं येतात कशी? एकतर कुणीतरी खोटा बँक बॅलन्स दाखवणार, नाहीतर अठरा लाख हा फक्त पहिला हप्ता आहे.

‘कॅनडा सरकारला कुटुंबं हवी आहेत’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. २०२४ साठी सरकारचं नव्या पीआरचं लक्ष्य ४,८५,००० होतं, २०२५ साठी ३,९५,००० झालं, २०२६ साठी ३,८०,०००. नव्या परदेशी विद्यार्थ्यांचं २०२६ चं लक्ष्य १,५५,००० आहे. आदल्या वर्षी ते तीन लाखांच्या वर होतं. घरांची टंचाई आणि दवाखान्यांवरचा ताण यांमुळे सरकारने स्वतःहून आकडे खाली आणले आहेत.

‘वयाची अट नाही’ हे ऐकून मला खरंच राग आला, कारण दाजी एकोणचाळीसचे आहेत. अर्ज करायला वयाची अट नाही हे शब्दशः बरोबर. पण एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरसाठी कुशल माणसं निवडायच्या सरकारी पद्धतीत, गुणांवर निवड होते. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २० ते २९ वयात वयाचे १०० गुण मिळतात, एकोणचाळिसाव्या वर्षी ५०, पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांसाठीच्या फेऱ्यांतसुद्धा एकूण गुणांचा कटऑफ ५०० च्या वर राहिला. फ्रेंच येत असेल, नर्सिंगसारख्या आरोग्यक्षेत्रात अनुभव असेल तर वेगळ्या फेऱ्या आहेत आणि तिथे आशा आहे. कारखान्यात प्रॉडक्शन बघणाऱ्या, फ्रेंचचा गंध नसलेल्या माणसाला ‘दोन वर्षांत पीआर’ हे वचन कुणीही देऊ शकत नाही. मी नाही, एजंट नाही, परवानाधारक वकीलही नाही.

एलएमआयए जॉबबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसे बुडण्यापलीकडचा धोका आहे. एलएमआयए म्हणजे इथला माणूस मिळत नाही म्हणून बाहेरचा घेतो, असं मालकाने सरकारकडून मिळवलेलं मान्यतापत्र. त्याची फी एका जागेला १,००० डॉलर, ती मालकाने भरायची, आणि कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे जो तुम्हाला एलएमआयए ‘विकतो’ तो बेकायदा काम करतो, आणि तुम्ही विकत घेतला तर त्यात तुमचंही नाव आलं. जॉब ऑफरमुळे एक्सप्रेस एन्ट्रीत पूर्वी ५० किंवा २०० गुण मिळायचे. २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले, आणि काढण्यामागचं एक कारण हाच काळा बाजार होता. ज्या शहरांत बेरोजगारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथे सप्टेंबर २०२४ पासून कमी पगाराच्या बहुतेक एलएमआयए अर्जांवर प्रक्रियाच होत नाही. किराणा दुकानातल्या सुपरवायझरची जागा दाखवून बारा लाख मागितले असतील तर त्या जागेचं काय होणार, हे यावरून समजून घ्या.

आणि कागद खोटे निघाले तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाची बंदी. फसवणूक एजंटाने केली, आम्हाला माहीत नव्हतं, हे म्हणणं प्रत्येक वेळी ऐकून घेतलं जातंच असं नाही. २०२३ मध्ये पंजाबातून आलेल्या विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. काहींचं शिक्षण संपून नोकऱ्या सुरू झाल्या होत्या, पीआरचा अर्ज करताना हे उघड झालं आणि हातात देश सोडायच्या नोटिसा आल्या. इथे मिसिसागात ती मुलं रस्त्यावर बसली होती. त्यातल्या अनेकांच्या घरच्यांनी जमीन गहाण ठेवली होती. सांगली-कोल्हापूरकडे हे व्हायला नको, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एजंटाची परीक्षा सोपी आहे. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात सल्ला द्यायचा किंवा तुमच्या वतीने अर्ज करायचा अधिकार फक्त तिथल्या वकील संघांच्या सदस्यांना (वकील आणि परवानाधारक पॅरालीगल), क्वेबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटना आहे. कन्सल्टंटची नोंद त्यांच्या नियामक संस्थेच्या (तिच्या नावात ‘कॉलेज’ आहे, पण ती शिक्षणसंस्था नाही) सार्वजनिक यादीत नावाने शोधता येते. नाव मागा, परवाना क्रमांक मागा, यादीत बघा. नोकरीवर पाठवतो म्हणणारा असेल तर त्याची भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी, आणि नियमाप्रमाणे त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पीआरसाठी सरकारी फी किती, तेही माहीत असू द्या: एप्रिल २०२४ च्या दराने मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर, मुलाला २६०. दोन मोठी, दोन मुलं मिळून ३,५७० डॉलर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. बाकीचे लाख कुठे जातात ते एजंटाला लेखी विचारा.

शाळेचं म्हणणं बरंचसं खरं आहे. सरकारी शाळा चांगल्या आहेत, पीआर असलेल्यांच्या मुलांना फी नाही, आणि ऑन्टारियोत सरकारी कॉलेजात शिकणाऱ्या पालकाच्या मुलांनाही सूट मिळते. खासगी कॉलेजात प्रवेश घेतला तर ती सूट नाही, आणि एजंटांचा ओढा कुठल्या कॉलेजांकडे असतो ते कमिशन बघून कळतं.

‘दवाखाना फुकट’ म्हणाल, तर ऑन्टारियोत परदेशी विद्यार्थ्याला सरकारी आरोग्यविमा नाही. खासगी विमा काढावा लागतो, कुटुंबाचाही. पीआर झाल्यावर विमा मिळतो, तरी दात, चष्मा आणि बहुतेकांची औषधं त्यात येत नाहीत, आणि फॅमिली डॉक्टर मिळायला वाट बघावी लागते.

मुलांमागे मिळणारे पैसेही खरे आहेत: जुलै २०२५ पासूनच्या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर, मोठ्याला ६,७४८. पण उत्पन्न वाढलं की ते कमी होतात, आणि पीआर नसेल तर पहिले १८ महिने काहीच मिळत नाही. पहिल्या वर्षाचं भाडं यातून निघेल असं कुणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे.

आईवडिलांना कायमचं आणण्याच्या योजनेत २०२० नंतर नवी नावंच घेतलेली नाहीत. जी बोलावणी गेली ती त्याच जुन्या यादीतून. उरतो तो सुपर व्हिसा. त्यावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण बोलावणारा पीआर किंवा नागरिक असावा लागतो, त्याचं ठरावीक उत्पन्न असावं लागतं, आणि किमान १,००,००० डॉलरचा खासगी आरोग्यविमा लागतो. डिप्लोमा करणाऱ्या सुनेला सासूसाठी तो अर्ज करताच येत नाही. दाजींच्या आई सत्तरीत आहेत, मधुमेह आहे, आणि त्या वयाला, त्या आजारासकट, विमा महाग पडतो. मधल्या वर्षांत त्यांच्याजवळ कोण राहणार, असं बहिणीने एजंटाला विचारलं. तो म्हणाला, ‘ते पीआर झाल्यावर बघू.’