हाव नेमकी कुणाची?
लेख आवडला, पण जॉन स्टाइनबेकच्या १९४७ सालच्या 'द पर्ल' या लघुकादंबरीत किनो या गरीब पाणबुड्याला सापडणारा मोती म्हणजे त्याची हाव, असं जे त्यात म्हटलंय, ते काही मनाला पटलं नाही. मोत्यात पाहून किनो मागतो तरी काय? पोराची आई हुआना हिच्याशी चर्चमध्ये रीतसर लग्न, एक रायफल आणि पोराला चार अक्षरं वाचता यावीत. याला हाव म्हणायचं?

हाव बघायची तर ला पाझ या मेक्सिकोतल्या गावच्या डॉक्टरकडे बघा. विंचू चावलेलं किनोचं तान्हं बाळ दाराशी आणलं, तेव्हा हा 'घरी नाही'. मोत्याची बातमी कानावर येताच तोच डॉक्टर स्वतःहून किनोच्या झोपडीत हजर! मोती विकत घेणारे दलालही तसेच. वरवर वेगवेगळे, पण सगळ्यांचा मालक एकच. मेजाआड बोटांवर नाणं खेळवणारा तो दलाल आठवा. मोती पाहताच नाणं त्याच्या हातून निसटतं, तोंडाने मात्र तो १,००० पेसोच सांगतो. लेखकाने किती बारकाईने टिपलंय हे!

किनो बदलतो, हे मान्य. मोती समुद्रात फेकायला निघालेल्या हुआनाला तो मारतो, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण तोवर त्याच्यावर हल्ले झालेले असतात, बाजाराने त्याला नाडलेलं असतं. हे सगळं बाजूला ठेवून एकट्या किनोला लोभी ठरवणं मला फार अन्यायाचं वाटतं. डॉक्टरचा प्रसंग लेखात यायलाच हवा होता.