उकळता वर्ट फडक्यातून गाळू नका

घरी बिअर करणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वर्ट (मोड आणलेल्या सातूचा गोड अर्क, जो आंबवून बिअर होते) गरम असतानाच फडक्यातून गाळून घ्या, गाळाचा कणही फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जाऊ देऊ नका, सायफन (एका भांड्यातून दुसऱ्यात काढायची नळी) तोंडाने ओढून सुरू करा, सातव्या दिवशी बिअर दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर मेलेल्या यीस्टची चव उतरते, आणि बाटल्या भरताना पुन्हा एकदा गाळा. माझा भाचा पहिल्यांदाच बिअर करतोय. हे वाचून त्याने काचेचा कारबॉय (अरुंद तोंडाची मोठी बाटली) आणि पंचा तयारच ठेवला होता. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आणि तितकाच बिनबुडाचा. 20 लिटर वर्टचं वजन 20 किलोच्या वर जातं. ते उकळतं भांडं उचलून ओतताना हात सुटला तर साखरेमुळे वर्ट कातडीला चिकटतो आणि भाजणं खोलवर जातं. जाड काचेच्या कारबॉयमध्ये ओतलात तर तापमानाच्या धक्क्याने काच तडकते. एवढं करून हाती काय लागतं? गाळात तीन गोष्टी असतात: हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा, उकळताना प्रथिनं गोठून तयार झालेला हॉट ब्रेक आणि वर्ट निवताना बनणारा कोल्ड ब्रेक. गरम वर्टमध्ये हा तिसरा प्रकार अजून विरघळलेलाच असतो. जो साका बनलाच नाही, तो फडकं अडवणार कसं? शिवाय हॉप्सच्या चोथ्याने फडकं लगेच तुंबतं. मग माणसं ते पिळतात आणि अडकलेलं सगळं परत खाली उतरवतात.

नीट पद्धत सोपी आहे. उकळी संपायच्या 10-15 मिनिटं आधी आयरिश मॉस (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घाला, म्हणजे प्रथिनांचे गुठळे मोठे होतात. वर्ट भांड्यातच 20 अंशांच्या आसपास निववा आणि चिलरची (थंड पाणी फिरवून वर्ट निववणाऱ्या नळीची) गुंडाळी बाहेर काढा. निर्जंतुक केलेल्या डावाने एकाच दिशेने दोन मिनिटं जोरात फिरवा, झाकण ठेवा आणि 20 मिनिटं अजिबात हात लावू नका. साका मधोमध ढिगासारखा बसतो. नळीचं तोंड भांड्याच्या कडेला, तळापासून थोडं वर धरून निवळ ओढा. शेवटचा लिटर-दीड लिटर सोडून द्या. तिथे हाव केली की सगळा चोथा नळीत येतो.

थोडा गेलाच तर? जाऊ द्या. कोल्ड ब्रेकमधली मेदाम्लं यीस्टच्या वाढीला उपयोगी पडतात. हो, ढीगभर चोथा गेला तर फर्मेंटरमधली जागा आणि बिअर दोन्ही वाया जातात, आणि तळचं यीस्ट पुढच्या खेपेला वापरायचं असेल तर ते घाण होतं. संदेशात खरं आहे ते एवढंच.

तोंडाने सायफन ओढणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे. तोंडात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतात आणि यीस्ट पडण्याआधीचा गोड वर्ट म्हणजे त्यांना आयतं खाद्य. निर्जंतुक पाण्याने नळी पूर्ण भरा, एक टोक चिमटीत धरून खाली सोडा, आधी येणारं पाणी वेगळ्या पेल्यात काढा आणि मग नळी फर्मेंटरमध्ये घाला. इथे वर्ट खळखळत पडला तरी चांगलंच, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन हवाच असतो.

सातव्या दिवशीचं दुसरं भांडं हा जुना सल्ला. घरगुती बिअरवर पुस्तक लिहिणारे जॉन पामर यांनी आधी तो दिला होता आणि पुढे स्वतःच मागे घेतला: साध्या एलला (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरला) दुसरं भांडं लागत नाही, फळं घालून पुन्हा आंबवायचं असेल तर गोष्ट वेगळी. कारखान्यातल्या उंच टाक्यांमध्ये तळच्या यीस्टवर प्रचंड दाब असतो आणि त्या जाड थरात उष्णता कोंडते. 20 लिटरच्या बादलीत तसं काही होत नाही. तीन-चार आठवडे बिअर साक्यावर खुशाल राहू द्या. उलट आंबलेली बिअर विनाकारण हलवली की तिच्यात ऑक्सिजन शिरतो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बाटल्या भरताना फडक्यातून गाळल्यावरही हेच होतं, वर जंतूंचा धोका वेगळाच. साका कमी हवा असेल तर भरण्याआधी फर्मेंटर दोन दिवस 2-4 अंशांवर ठेवा. एअरलॉकमधलं (गॅस बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून तो काढून तोंड घट्ट बंद करा. बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर तरीही राहणारच, कारण बाटलीतला गॅस तेच यीस्ट बनवतं. बाटली उभी थंड करा, सावकाश एका दमात ओता आणि तळचं बोटभर सोडून द्या.