31 इंची टायर टाकल्याने ॲक्सल मजबूत होत नाही

पावसाळा लागला की जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो: "मारुती जिप्सीला 31 इंची टायर, 2 इंच लिफ्ट आणि मागे लॉकर टाका. मग काळी माती असो की नाला, गाडी अडत नाही आणि तुटत तर नाहीच. 4एच सगळीकडे चालते. डिफचं ऑइल कंपनीने टाकलं ते टाकलं, उघडायचं काम नाही." लिफ्ट म्हणजे गाडी उंच करणं, लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप, 4एच म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हाय रेंज, आणि डिफ म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा ॲक्सलमधला गिअरचा डबा. गाडी अडायची कमी होईल, हे मान्य. तुटायची मात्र वाढेल.

टायरपासून सुरू करू. जिप्सीचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलिमीटर उंच, आणि 31 इंची 787. म्हणजे जवळपास 18 टक्के मोठा. लो रेंजच्या (हळू पण जास्त ताकदीच्या) पहिल्या गिअरला चाक फिरवायला इंजिनला काहीच जड जात नाही, त्यामुळे चाक फिरवणाऱ्या ॲक्सलच्या शाफ्टवर किती पीळ येणार हे जमीन ठरवते: चाकाची पकड गुणिले त्रिज्या. तेवढ्याच पकडीला पीळ 18 टक्क्यांनी वाढला, शाफ्ट मात्र तोच राहिला. वरून गिअरिंगही उंच झालं. गाडी पूर्वीइतकी हळू चालत नाही म्हणून ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून रेस देतो, आणि क्लच प्लेट जळते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 70 च्या पुढे असते, हे वेगळंच.

खरा घात मात्र झटक्याचा असतो. नागपूरजवळ उमरेडकडची किंवा हिंगण्याकडची एखादी पांदण (शेताकडची मातीची वाट) घ्या. वर हातभर चिकट काळी माती, खाली मुरूम नाहीतर दगड. माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी गरगरतं. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर सोडत नाही. चाक खोदत खोदत खाली जातं आणि एकदम दगड धरतं. त्या जड, वेगात फिरणाऱ्या चाकाची सगळी ऊर्जा एका क्षणात शाफ्टमध्ये जाते. 'टक्' असा आवाज येतो आणि मग रेस दिली तरी गाडी हलत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर आधी पुढचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) जातो, कारण त्या कोनात आतल्या गोळ्यांना आणि पिंजऱ्याला आधार सगळ्यात कमी मिळतो. चाक फिरायला लागलं की पाय उचला, स्टिअरिंग सरळ करा, फावड्याने चाकासमोरची माती काढा. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही किटपेक्षा जास्त शाफ्ट वाचवतो.

मोठा टायर हवाच असेल तर 235/75 आर 15 वर थांबा. तो साधारण 10 टक्के मोठा आहे. 31 वर जायचंच असेल तर आधी ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यात) वेग कमी करणारे रिडक्शन गिअर आणि पुढे क्रोमोलीचे (मजबूत मिश्र पोलादाचे) सीव्ही जॉइंट, मग टायर. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात, कारण टायर दिसतो आणि गिअर दिसत नाही.

"मागे लॉकर टाका." साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणून एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही काही मिळत नाही. लॉकर ही अडचण सोडवतो, यात वाद नाही. पण आता एकाच चाकाला पकड असेल तर ॲक्सलचा पूर्ण टॉर्क त्या एका शाफ्टवर येतो. लॉकरने ॲक्सल मजबूत होत नाही, शाफ्टवरचा भार वाढतो. शिवाय बांधावर आडवी गाडी असताना दोन्ही मागची चाकं एकदम फिरली तर मागचा भाग उताराकडे घसरतो. लॉकर अडल्यावर लावायचा, निघालं की काढायचा.

"2 इंच लिफ्ट." जिप्सीला पुढेमागे सरळ ॲक्सल आणि पट्टे (लीफ स्प्रिंग) आहेत. तिथे लिफ्टचा त्रास ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या कोनाला होतो: ठरावीक वेगाला थरथर, मग त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, लवकर जातो. महिंद्रा थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे सीव्ही जॉइंट सरळ रस्त्यावरही कोनात फिरतो. जॉइंटवरचा रबरी बूट ताणतो, चिरतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. पूर्ण वळणावर कट-कट ऐकू आलं तर बूट बदलून काही होणार नाही, जॉइंट संपलाय.

"4एच सगळीकडे." या दोन्ही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला फरक सांभाळणारं मधलं डिफ नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो, पण नागपूरच्या कोरड्या सिमेंट रस्त्यावर जायला वाटच नसते. तो पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो, मग लिव्हर 2एच मध्ये (दोनच चाकांच्या ड्राइव्हमध्ये) येत नाही. लिव्हरला लाथा मारू नका. चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतो.

आता ऑइल. हे सगळ्यात स्वस्त काम, आणि नेमकं तेच टाळलं जातं. गरम ॲक्सल नाल्याच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सील किंवा ब्रीदरमधून (ॲक्सलची हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढते. रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवा. सकाळी आधी भरायचा प्लग उघडून पाहा. तोच गंजून अडला असेल तर खालचा उघडून पस्तावाल. मग खालचा प्लग हळूच सैल करा: पाणी जड, ते आधी येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर सगळं काढा आणि जीएल-5 दर्जाचं नवीन भरा, भोकाच्या काठापर्यंत. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाका, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना प्रत्येक जीएल-5 मानवत नाही. जिप्सीच्या पुढच्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) पातळ काळं ग्रीस गळत असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. नुसतं ग्रीस भरून ते थांबणार नाही.

ब्रीदरला ऑइल सहन करणारी रबरी नळी लावून ती बोनेटखाली उंच न्या. ॲक्सल पूर्ण खाली लटकला तरी ताणणार नाही इतकी ढील ठेवा आणि टोकाला छोटा फिल्टर बसवा. घरी आल्यावर रिमच्या आतली माती त्याच दिवशी धुवा. ती वाळली की विटेसारखी होते, चाकाचं बॅलन्स जातं आणि दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर स्टिअरिंग थरथरतं. मग लोक लिफ्टला दोष देतात.