दोन तासांचं ट्रेनिंग, दोन वर्षांचं संकट

परवा एका हॉटेलात उद्योजकांसाठी 'क्रायसिस मॅनेजमेंट'चं सेशन होतं. जेवण झकास. बाकी सगळं आग लागली, पूर आला, डेटा चोरीला गेला, यावर. पहिल्या ७२ तासांत काय करायचं. चौदाव्या महिन्यात काय करायचं, हा विषयच निघाला नाही.

भोसरीत माझं छोटं युनिट आहे, गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. २५ मार्च २०२० ला कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे शटर खाली आलं तेव्हा मी भलत्याच जोशात होतो. गावी निघालेल्यांना शिधा, मार्चचा पूर्ण पगार, रोज ग्रुपवर धीर. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या कर्तबगारीची मजाही वाटत होती.

मग ते संपेचना. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्त्यांना सवलत दिली, व्याज चढतच होतं. सरकारी हमीचं कर्ज घेतलं. पहिलं वर्ष फक्त व्याज, म्हणजे मुद्दल सुरू २०२१ च्या मध्याला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, कारखान्यांचा ऑक्सिजन हॉस्पिटलांकडे वळवला (वळवायलाच हवा होता) आणि आमचं गॅस कटिंग बंद. त्यातून सावरतोय तोवर चिपचा तुटवडा. आमच्या ब्रॅकेटमध्ये कुठली आलीय चिप! पण तिकडे गाडी लाइनवर अडली की इकडे शेड्यूल निम्मं.

आणि मी आपला दर मीटिंगला, "पुढच्या महिन्यात सुरळीत होईल." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आमचे जुने सेटर (मशीन सेट करणारे) मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, तारीख नका सांगू. पगाराचे पैसे किती दिवसांचे आहेत ते सांगा."

त्या सोमवारपासून पंचिंग मशीनशेजारच्या फळ्यावर खडूने दोन आकडे लिहायला लागलो: बँकेत किती दिवसांचा पगार, हातात किती दिवसांचं काम. पहिल्यांदा १९ आणि ११ लिहिलं. दोघं सोडून गेले. बाकीच्यांनीच सुचवलं, दोन शिफ्टची एक करू, लाइटबिल तरी वाचेल. हे मला कोणत्याही ट्रेनरने सांगितलं नव्हतं.

रात्री दोनला कोटेशन पाठवायचं नाही, हे मात्र माझं मीच शिकलो, एक ऑर्डर तोट्यात घेऊन.

पण खरी गोची वेगळीच. त्या काळात आमच्या एका मोठ्या ग्राहकाने पेमेंट ९० दिवसांवर नेलं. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या, असं कायदा २००६ पासून सांगतो. त्या ग्राहकाच्या बोर्डरूममध्ये या ९० दिवसांना म्हणे संकटातली आर्थिक शिस्त म्हणतात. पुढच्या सेशनला त्यांच्या परचेसवाल्यांनाही बोलवा. चहा माझ्याकडून.